सरांच्या हातचं मरण

हडपसरच्या एका आयटी कंपनीत उत्तरेश्वर नावाचा अभियंता बेंचवर गेला, ही घटना तशी किरकोळ होती. ज्या क्लायंटसाठी तो काम करत होता त्याने आपला धंदाच दुसऱ्याला विकून टाकला, आणि एका सोमवारी सकाळी उत्तरेश्वरला कळवण्यात आले की आजपासून त्याला काम नाही. कामाची वेळ मात्र तीच राहील.

बेंचवरच्या माणसाने वेळेवर यावे, कार्ड दाखवून आत शिरावे आणि संध्याकाळपर्यंत गर्क दिसावे, असा नियम होता. झोपू नये, गप्पा मारू नयेत, पेपर वाचू नये. नुसते बसण्याचा पगार घेणाऱ्याने नुसते बसलेले दिसू नये, हे कंपनीचे धोरण होते. ठरावीक मुदतीत नवा प्रोजेक्ट मिळाला नाही, तर त्या माणसाला 'स्वेच्छेने राजीनामा देण्याची संधी' दिली जाई. ही संधी आजवर कुणी नाकारल्याचे ऐकिवात नव्हते.

उत्तरेश्वरची अडचण अशी की त्याचे लग्न ठरलेले होते. मुलगी औशाची, नाव सृष्टी. स्वभावाने गोड, आणि फोनवर बोलताना मध्येच हसायची, त्या हसण्यावर तो पार भाळला होता. तिचे वडील बजरंगमामा सोयाबीनचे आडतदार. पूर्वी मुलीचा बाप 'नोकरी पर्मनंट आहे ना' एवढे विचारून थांबायचा. पण मामांचा एक पुतण्या हिंजवडीत असल्यामुळे मामांचे ज्ञान बरेच पुढे गेले होते. ते दर रविवारी फोन करत आणि तब्येतीची चौकशी करण्याआधी विचारत, "जावईबापू, प्रोजेक्ट कोणता चालूय सध्या? बिलेबल हाव ना?" बिलेबल म्हणजे ज्याच्या कामाचे पैसे क्लायंट मोजतो असा माणूस. लग्नाची तारीख मामा पंचांग बघून धरणार नव्हते, प्रोजेक्ट बघून धरणार होते.

उत्तरेश्वर दोन रविवार खोटे बोलला. तिसऱ्या रविवारी त्याने फोन उचललाच नाही.

अशा मनःस्थितीत त्याला तेजस्विनीने खेळ दाखवला. तेजस्विनी लोणी काळभोरहून स्कूटीवर येणारी, बेंचवरची सर्वांत जुनी रहिवासी. कंपनीची इमारत ज्या जमिनीवर उभी होती तिथे एकेकाळी तिच्या आजोबांचा ऊस होता, आणि जमीन देताना घरच्यांनी करारात अट घातली होती की घरातल्या एकाला कायमची नोकरी द्यावी. भाऊ सूरज तालमीत रमला म्हणून नोकरी तिच्याकडे आली. तिला कुणी प्रोजेक्टवर घेत नव्हते, कारण ती तोंडावर बोलायची. आणि कुणी काढूही शकत नव्हते, कारण काढले तर इमारतीखालची जमीन बोलायला लागली असती.

कंपनीच्या संगणकावर नवीन काहीही बसवण्यास सक्त मनाई होती. मात्र ब्राउझर बंद करता येत नव्हता, कारण प्रशिक्षणाचे व्हिडिओ त्यातच होते. आणि हा बंदुकांचा खेळ ब्राउझरातच चालायचा. पत्ता टाकायचा, एखादे टोपणनाव घ्यायचे, की पुढच्याच क्षणी आपण एका पडक्या गोदामात बंदूक घेऊन धावत असतो आणि समोरून दहा-बारा जण आपल्यावर धावून येत असतात. मेलात तरी तीन सेकंदांत पुन्हा जिवंत. ऑफिसातल्या मंडळींनी आपली वेगळी खोली उघडली होती, तिचा पत्ता कँटीनमध्ये कानोकानी मिळत असे. पलीकडून कुणी आले की चटकन दुसरा टॅब उघडायचा; त्यात 'कार्यस्थळावरील सचोटी' हा व्हिडिओ अर्ध्यावर थांबवून ठेवलेला असे.

"खेळ की जरा," तेजस्विनी म्हणाली. "असंबी तुला काम न्हाई."

उत्तरेश्वरने 'राखणदार' हे नाव घेतले. लहानपणी ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभा राहून तो गोफणीने पाखरे हाकायचा. पाखराला लागू न देता त्याच्या शेजारचे ज्वारीचे ताट हलवायचे, इतका त्याचा नेम होता. तो नेम शहरात आल्यापासून कुठेच उपयोगी पडला नव्हता. गोदामात पहिल्या तासातच त्याने सगळ्यांना लोळवले. अभियंता म्हणून चार वर्षांत जे समाधान मिळाले नाही ते त्याला त्या दुपारी मिळाले, आणि ते अगदी खरे होते.

त्या खोलीत 'महाकाळ' नावाचा एक खेळाडू होता. तो अंगणात फिरायला निघाल्यासारखा मधोमध चालत यायचा. उत्तरेश्वर त्याला टिपायचा. तो परत यायचा, उत्तरेश्वर परत टिपायचा. थोड्या वेळाने उत्तरेश्वरच्या लक्षात आले की महाकाळ मेला की हॉलच्या टोकाच्या काचेच्या केबिनमधून "अरे!" असा आवाज येतो आणि टेबलावर हात आपटल्याचे ऐकू येते. हा निव्वळ योगायोग असावा म्हणून, खात्री करून घेण्यासाठी, त्याने महाकाळला आणखी एकदा मारले.

"अरे!" केबिन म्हणाली.

ती केबिन डिलिव्हरी हेड श्यामसुंदर सरांची होती. बेंचवरच्या कुणाला कोणत्या प्रोजेक्टवर घ्यायचे, हे तेच ठरवत.

उत्तरेश्वरने टॅब बदलला आणि सचोटीचा व्हिडिओ सुरू केला. सर केबिनबाहेर आले. कर्वेनगरचा माणूस, आवाज चढवण्याची त्यांना कधी गरज पडत नसे.

"या मजल्यावर 'राखणदार' कोण आहेत, मला विचारायचं नाही," ते म्हणाले. "फार सुंदर खेळतात. अशा माणसाला एखादा प्रोजेक्ट देऊन त्याचा वेळ वाया घालवणं आपल्याला शोभणार नाही. चालू द्या आपलं."

सर आत गेले. तेजस्विनी मोठ्याने हसली. "मेला तर मेला! गेम हाय तो. तीन सेकंदांत उठतोय परत, त्याला काय व्हतंय?"

"तुझ्या बापाची जमीन आहे," उत्तरेश्वर म्हणाला. "माझा बाप पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर आहे."

दुसऱ्या दिवशी 'राखणदार' गोदामात मधोमध जाऊन उभा राहिला आणि महाकाळच्या हातून मेला. पण केबिनमधून काहीच आवाज आला नाही. पुन्हा मेला, पुन्हा शांतता. तिसऱ्या वेळी सरांनी खेळातच संदेश टाकला: 'उभ्या माणसाला मारण्यात काय आहे?' तेव्हा उत्तरेश्वरला कळले की मरणे हे वाटते तितके सोपे काम नाही. सरांना मेलेला माणूस नको होता, हरलेला हवा होता. मग त्याने अभ्यास सुरू केला. आधी थोडे पळायचे, भिंतीवर दोन-चार गोळ्या झाडायच्या, एखादी सरांच्या कानाजवळून जाऊ द्यायची, आणि सर गांगरून जाण्याआधी स्वतःहून त्यांच्या बंदुकीसमोर यायचे. पाखराला न लागता ताट हलवणारा त्याचा नेम इथे कामाला आला. त्या दुपारी केबिनमधून "वा!" ऐकू आले, आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये 'राखणदार मीच' असे त्याने हळूच सांगितल्यावर सरांनी त्याला नाव विचारले.

लिफ्टमध्ये आणखी दोघे होते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या बेंचला समजले.

त्यानंतर गोदामात जे सुरू झाले त्याला खेळ म्हणणे धाडसाचे होईल. चाळीसएक अभियंते सरांच्या बंदुकीसमोर येण्यासाठी धक्काबुक्की करू लागले. "मी आधी आलोय मरायला!" "अहो, तुमची मुदत अजून पुष्कळ आहे, मला मरू द्या ना." एकाने दुसऱ्याला मागून ढकलून स्वतः गोळी खाल्ली, त्यावरून कँटीनमध्ये मारामारीची वेळ आली. एका नवख्या मुलाचा माउस घसरला आणि सर त्याच्या हातून मेले. तो रडायच्या बेताला आला होता. त्याच्याकडून लेखी खुलासा घेण्यात आला: 'माझ्या हातून माननीय सरांचा अनवधानाने मृत्यू झाला. पुन्हा असे होणार नाही.'

अखेर एचआरच्या प्रियदर्शनी मॅडमनी लक्ष घातले. गोंधळ माजला की त्याचा उपक्रम करायचा, ही त्यांची पद्धत होती. त्यांनी 'मनोबल-संवर्धन क्रीडा उपक्रम' जाहीर केला. आजवर लपून चाललेली गोष्ट आता वेळापत्रकात आली. सरांच्या समोर येण्याचा क्रम बेंचची मुदत पाहून ठरवण्यात आला. ज्याची मुदत संपत आली आहे त्याला आधी मरण्याचा मान. ज्येष्ठांवर गोळी झाडण्यापूर्वी आपल्या वरिष्ठांची संमती घ्यावी. ज्येष्ठांची ज्येष्ठांशी गाठ पडल्यास दोघांनीही प्रथम नमस्कार करावा. मॅडमनी 'सकारात्मक पराभव' या विषयावर अर्ध्या दिवसाचे शिबिर घेतले आणि त्यात प्रात्यक्षिकासाठी उत्तरेश्वरला पुढे बोलावले. त्याने पडद्यावर तीन प्रकारे मरून दाखवले. टाळ्या झाल्या.

"ज्वारी राखायचास म्हणं तू," शेवटच्या रांगेतून तेजस्विनी म्हणाली. "आता पाखरांना बोलावून खाऊ घालतोस व्हय?"

सगळे तिच्याकडे वळून पाहू लागले. उत्तरेश्वरला तिचा राग आला; खरे बोलणाऱ्याचा येतो तसलाच राग तो होता.

या सगळ्यात एकच माणूस असा होता की ज्याला काय चालले आहे याचा पत्ता नव्हता, आणि ते म्हणजे श्यामसुंदर सर. त्यांना एवढेच दिसत होते की आपण दिवसाला शे-दीडशे माणसे लोळवतो. सुरुवातीला त्यांना थोडे आश्चर्य वाटले. मग ते सवयीचे झाले, आणि मग ते आपल्या अंगचेच आहे असे वाटू लागले. त्यांनी 'नेमबाजी आणि नेतृत्व' या विषयावर स्लाइड केल्या. ते चालताना भिंतीच्या कोपऱ्याशी थबकून मग वळू लागले. शेवटी परदेशी क्लायंटबरोबरच्या एका बैठकीत, मोठ्या प्रोजेक्टची बोलणी अडली असताना, त्यांनी सहज हा विषय काढला. योगायोगाने पलीकडच्या साहेबांची मंडळीही जेवणाच्या सुट्टीत हाच खेळ खेळत होती. मैत्रीपूर्ण सामना ठरला. सर कर्णधार झाले आणि प्रोजेक्ट बहुधा या सामन्यावरच ठरेल, अशी कुजबूज सुरू झाली. उत्तरेश्वरची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

संघात त्याची निवड झाली. सरांनी संघाला सांगितले, "आपल्याला जिंकायचंय. अर्थात मी आहेच, पण तुम्हीही थोडं काही केलंत तर माझी हरकत नाही." त्यांची पाठ वळताच विक्री विभागाच्या माणसाने संघाला बाजूला घेतले. "क्लायंटला मारायचं नाही. क्लायंट म्हणजे देव." आणि प्रियदर्शनी मॅडमनी आठवण करून दिली की कर्णधारांच्या आधी कुणीही गोळी झाडायची नाही. तिन्ही सूचना उत्तरेश्वरने नम्रपणे ऐकल्या. त्या रविवारी बजरंगमामांचा फोन आला, तो त्याने उचलला.

"जावईबापू, या आठवड्यात पक्कं सांगा," मामा म्हणाले. "औशाला दुसरं एक स्थळ चालून आलंय. पोरगा तलाठी हाय. त्याला बेंच नसतो."

मागून सृष्टीचा आवाज आला, "आबा, द्या ना फोन इकडं," आणि मग फोन कट झाला.

सामना शुक्रवारी दुपारी झाला. सगळी कंपनी मोठ्या पडद्यासमोर जमली. सुरुवात होताच श्यामसुंदर सर नेहमीप्रमाणे गोदामाच्या मधोमध आले, बंदूक उचलून उभे राहिले, आणि शत्रू येऊन समोर उभा राहण्याची वाट पाहू लागले. पलीकडच्या मंडळींना ही पद्धत ठाऊक नव्हती. सर जागीच कोसळले. तीन सेकंदांनी उठले, तसेच मधोमध आले, पुन्हा कोसळले. "नेटवर्क," ते म्हणाले. बाकीचा संघ सवयीप्रमाणे भिंतीवर दोन-चार गोळ्या झाडून, थोडे पळून, एकेक करत समोरच्या बंदुकीपुढे आला. मरण्याची सफाई वाखाणण्याजोगी होती.

उत्तरेश्वर मात्र अजून जिवंत होता. तो एका पिंपाआड होता आणि समोर, अगदी उघड्यावर, क्लायंटचे मुख्य साहेब पाठमोरे उभे होते. असा नेम आयुष्यात एकदाच सापडतो. त्याच्या दंडात जुनी गोफण शिवशिवली. मोठ्या पडद्यावर सगळ्यांना त्याच्या बंदुकीचे टोक साहेबांच्या डोक्यावर स्थिर झालेले दिसले. मागून तेजस्विनीचा आवाज आला, "हाण की!" त्या एका क्षणात त्याला आपण कोण आहोत हे स्वच्छ कळले, आणि त्याला विलक्षण आनंद झाला.

मग त्याला तलाठी आठवला. त्याने बंदूक किंचित डावीकडे वळवली, साहेबांच्या कानाजवळच्या भिंतीवर गोळी झाडली आणि पिंपाआडून बाहेर येऊन उभा राहिला. साहेब दचकून वळले व त्यांनी त्याला मारले.

कंपनी शून्यावर हरली. शनिवार-रविवार सरांनी कुणाचाही फोन घेतला नाही. सोमवारी क्लायंटची मेल आली. त्यांनी लिहिले होते की त्यांनी अनेक देशांतल्या कंपन्यांशी सामने खेळले, पण इतका समजूतदार संघ कुठेच पाहिला नाही. कुणी उलट गोळी झाडली नाही, कुणी वाद घातला नाही, आणि मारल्यावर प्रत्येकाने आभार मानले. आम्हाला प्रोजेक्टवर नेमकी अशीच माणसे हवी आहेत. विशेषतः शेवटी मेलेला तो मुलगा.

सरांनी मेल सर्वांना वाचून दाखवली. "याला व्यूहरचना म्हणतात," ते म्हणाले. उत्तरेश्वर त्या दुपारीच बिलेबल झाला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच लागले. बजरंगमामांनी मांडवात पाहुण्यांना जावयाची ओळख करून देताना प्रोजेक्टचे नाव आधी सांगितले. सृष्टी मध्येच हसली, आणि उत्तरेश्वरला वाटले की यासाठी हजार वेळा मेलो तरी महाग पडले नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण उत्तरेश्वर हुशार होता, सरांच्या मर्जीतला होता, आणि काही वर्षांत त्यालाही केबिन मिळाली. काच अर्धीच होती, पण केबिन ती केबिन. बाहेर नवा बेंच बसला होता: चंद्रपूरची, परभणीची, वाशीमची मुले. एका दुपारी काम हलके होते म्हणून त्याने जुन्या खोलीचा पत्ता टाकला आणि राखणदार बऱ्याच दिवसांनी गोदामात उतरला. पहिल्याच फेरीत सतरा जण लोळले. त्याला वाटले होते की हात बसायला वेळ लागेल, पण छे! उलट नेम पूर्वीपेक्षा बराच सुधारला होता. तो रोज दुपारी खेळू लागला. 'अनुभवाने नेम धारदार होतो,' असे तो सृष्टीला जेवताना सांगायचा, आणि सृष्टी मान डोलवायची. आताशा ती मध्येच हसत नसे; त्याचे वाक्य पूर्ण झाल्यावर हसायची.

मग एके दिवशी 'खोडवा' नावाचा कुणीतरी आला. ऊस तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा जो फुटतो त्याला खोडवा म्हणतात. उत्तरेश्वर नेहमीसारखा मधोमध चालत आला आणि डोक्यात गोळी बसून कोसळला.

"अरे!" तो ओरडला आणि टेबलावर हात आपटला.

आपलाच आवाज ऐकून तो जागच्या जागी थिजला. काचेपलीकडे सगळ्या माना खाली होत्या. एकच मान वर होती. तेजस्विनी तिथेच, त्याच खुर्चीत बसलेली होती. पडद्यावर संदेश उमटला: 'राखणदार, गोफण कुठं ठिवलीस?'

त्याला लाज वाटली. अगदी आतून, कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. उठावे, बाहेर जावे, तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसावे आणि सगळ्यांना सांगावे की पोरांनो, मारा मला, नीट नेम धरून मारा, असे त्याला वाटून गेले. तो अर्धवट उठलाही. तेवढ्यात चहा आला.

चहा पिऊन झाल्यावर त्याने प्रियदर्शनी मॅडमना मेल लिहिली. बेंचवरील एका ज्येष्ठ सहकाऱ्याला 'सकारात्मक पराभव' या शिबिराची गरज असून, शिबिर पूर्ण होईपर्यंत त्यांना खोलीत प्रवेश देऊ नये, कारण नव्या मुलांवर वाईट परिणाम होतो. मॅडमनी तत्परतेने कार्यवाही केली. तेजस्विनी शिबिराला गेली नाही. ती अजूनही बेंचवर बसून भुईमुगाच्या शेंगा खाते, आणि जमीन तिच्या बाजूने आहे.

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वरने बावीस जण लोळवले. कालचा प्रकार नेटवर्कमुळे झाला असावा, असे त्याच्या लक्षात आले.

वाचकहो, ही गोष्ट आवडली तर ऑफिसात किंवा घरी चार जणांना जरूर वाचून दाखवा. ऐकणारे योग्य त्या जागी सगळे एकदम हसले, तर गोष्ट चांगली आहे असे समजायची घाई मात्र करू नका. हसणाऱ्यांपैकी किती जणांची रजा तुमच्या सहीने मंजूर होते, ते आधी आठवून बघा.